एंटरप्राइजवर जिबचा पोल: लावायला गेलो की घोळ होतोच

नेरूळचा_खलाशी:
मंडळी, जरा मदत करा. गेल्या वर्षी एक जुनी एंटरप्राइज (शिडाची छोटी होडी) घेतली, सव्वातेरा फुटी, निळ्या शिडांची (आता निळी कमी, राखाडी जास्त). बोट सोसायटीच्या आवारात ट्रॉलीवर असते, दिवाळे गावाच्या धक्क्यावर नेऊन पाण्यात सोडतो. सुकाणूवर मी, पुढे जिब (पुढचं लहान शीड) सांभाळायला लेक, यंदा दहावी.

दुपारी खारे वारे सुटले की वळणं घेत घेत पश्चिमेला जायचं आणि भरतीबरोबर घरी यायचं. परतताना वारा बरोबर पाठीवर. मग जिब मोठ्या शिडाच्या आडोशाला जाते आणि मेलेल्या कोंबडीसारखी लटकते. दुसऱ्या बाजूला हाताने बाहेर धरली की भरते, पण लेक म्हणते, "बाबा, मी काय खांब आहे?"

म्हणून मच्छरदाणीची एक काठी घेतली, बांबूची, पाच फुटी. एका टोकाला कडी, दुसरं टोक सुतळीने डोलकाठीला बांधलं. रविवारी लेक शिडाचा कोपरा पकडायला पुढे वाकली, होडी डुलली, बांबू आभाळाकडे गेला. मी तिच्याकडे बघत राहिलो तेवढ्यात बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) या बाजूचा त्या बाजूला. कान अजून सुजलेला आहे. पोल किती लांब हवा? आणि तो वर उडू नये म्हणून काय करता?

कोलशेतचा_काका:
अहो, बांबू चालेल, फक्त क्रम उलटा लावलात. आधी शीड, मग डोलकाठी.

मुलीने पुढे जायचंच नाही. डोलकाठीपाशी गुडघ्यावर बसून शीट (जिबच्या कोपऱ्याची दोरी) ओढायची, कोपरा आपोआप हातात येतो. त्याच्या कडीत पोलचं टोक घालायचं (टोकाला बोटाएवढी खुंटी पुरे, हुक नको, हुक ऐन वेळी सुटत नाही). मग पोल बूमच्या विरुद्ध बाजूला बाहेर ढकलायचा आणि सगळ्यात शेवटी आतलं टोक डोलकाठीवरच्या कडीत अडकवायचं. तोवर तुम्ही त्या बाजूची शीट सैल ठेवा, बसला की ताणा. खुंटी शीटच्या ताणावरच टिकते. काढताना आधी डोलकाठीवरून सोडवायचा. सुतळी मात्र आजच फेका, घाईत ओली गाठ कोण सोडणार?

लांबी विचारून कापू नका. वारा नसताना जिब चढवा, कोपरा पोलच्या बाजूला ओढा, शीड जवळजवळ सपाट झालं की डोलकाठीच्या कडीपासून कोपऱ्यापर्यंत मोजा आणि चार बोटं कमी ठेवा. लांब झाला तर शिडाची फळी होते, पोट राहत नाही. कडी कोपऱ्याच्या उंचीला हवी. पोलच्या मध्यापासून डोलकाठीच्या बुडाशी एक इलॅस्टिक दोरी बांधा, मग उडत नाही.

कानाचं औषध: जिब फडफडली तर तुम्ही वाऱ्याकडे जास्त वळलात, त्यात फार बिघडत नाही. उलट बाजूला जास्त वळलात तर बूम येतो. म्हणजे चुकायचंच तर जिबला फडफडू द्या. बूम वर उचलला जाऊ नये म्हणून किकर (बूम खाली ओढणारी दोरी) घट्ट, आणि सेंटरबोर्ड (बुडाखालची उभी फळी) पूर्ण वर घेऊ नका, पाव तरी खाली. मी एन.सी.सी.त याच बोटीवर शिकलो, माझ्याही कानाने फी भरली आहे.

दर्या_दिवाळे:
पहिल्यांदा भरतीतच करून बघा. वारा आणि पाणी एकाच दिशेला, लाट बसलेली असते. ओहोटी वाऱ्याच्या तोंडावर आली की खाडीत आखूड, उभी लाट उठते, तिच्यात पोरीला गुडघ्यावर बसवू नका. एक मात्र ध्यानात ठेवा, भरती तुम्हाला वाऱ्याबरोबरच नेते, म्हणून वारा कमी वाटतो. तोंड फिरवलं की खरा किती आहे ते कळतं.

गंज_शत्रू:
पुढे ॲल्युमिनियमची नळी घेतलीत तर दोन्ही टोकं बुचाने बंद करा. माझी पहिली नळी पाणी भरून सरळ बुडाली. स्टेनलेस स्क्रू लावताना मधे ग्रीस द्या, नाहीतर खारं पाणी ॲल्युमिनियम खातं.

नेरूळचा_खलाशी:
काका, आवारातच डोलकाठी उभी करून जिब चढवली आणि मोजलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, आज झेंडावंदन?" बांबू दीड वीत लांब निघाला, कापला. काल भरतीत नेला. पहिल्या खेपेला खुंटी निसटली, कारण शीट ताणायला मीच विसरलो. दुसऱ्यांदा लेकीने बसवला आणि जिब अशी फुगली की ती काही न बोलता मागे येऊन बसली आणि बिस्किटाचा पुडा फोडला. पार धक्क्यापर्यंत पोल हलला नाही.

आता मच्छरदाणीला तीनच काठ्या उरल्यात आणि घरात रोज चौथीची चौकशी होते. बांबू पोल म्हणून कायम ठेवला तर किती टिकेल?