अ‍ॅम्बॅसेडर १४८९ सीसी : इंजिन बांधल्यावर टॅपेटची टकटक, १५ थाऊ लावूनही जात नाही

जुनागाडा :

गाडी मार्क ४, पेट्रोल, पुशरॉडवालं बी-सिरीज इंजिन. पूर्ण उतरवून बांधलंय. बोअर करून नवे पिस्टन, क्रँक ग्राइंड, कॅमबुश नवे, हेडला फेसिंग. कॅमशाफ्ट ग्राइंड करून आणलेला, टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधल्या वाट्या) मात्र जुनेच साफ करून टाकलेत. ऑइल २०डब्ल्यू-५०. गरम झाल्यावर प्रेशर चालताना ५० पौंड, आयडलला १५ च्या वर.

आयडलला टक-टक-टक येतं. रेस दिली की वेगही वाढतो आणि आवाजही. टॅपेट दोनदा सेट केले, म्हणजे रॉकर (वॉल्व्ह दाबणारा झुलता हात) आणि वॉल्व्हमधली गॅप, थंड इंजिनवर १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दोन दिवस बरं जातं, मग परत सुरू. मेकॅनिक म्हणतो, १० थाऊवर दाबून टाकू, गप्प बसेल. इंटरनेटवर बरेच जण म्हणतात की लिफ्टरमध्ये (म्हणजे टॅपेटमध्ये) हवा अडकली असेल, पातळ ऑइल आणि अ‍ॅडिटिव्ह घालून बघा. काय करावं?

थाऊमास्तर :

आधी ते अ‍ॅडिटिव्ह डोक्यातून काढा. ते सल्ले हायड्रॉलिक लिफ्टरसाठी आहेत, मोठ्या अमेरिकन व्ही-८ वगैरेंना असतात तसे. त्यांच्या पोटात ऑइल भरतं, म्हणून हवा अडकते. तुमचा टॅपेट म्हणजे नुसती पोकळ लोखंडी वाटी. तिच्यात भरायला काही नाही आणि अडकायलाही काही नाही. असा ठोस, म्हणजे हायड्रॉलिक नसलेला, टॅपेट वाजतो म्हणजे कुठेतरी फट आहे. ती कुठे आहे एवढंच शोधायचं.

दुसरं, १० थाऊवर दाबू नका. एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली उष्णता सीटला (हेडमधल्या बैठकीला) टेकून बाहेर टाकतो. गॅप कमी झाली की गरम झाल्यावर तो नीट टेकत नाही आणि कडेने जळायला लागतो. त्यात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद आहे. जुन्या हेडला कडक सीट बसवलेल्या नसतील तर सीट हळूहळू खाली बसते आणि गॅप आपोआप कमी होत जाते. वाजणाऱ्या टॅपेटने फक्त कान दुखतात. दाबलेल्याने हेड उतरवावं लागतं.

आता सेटिंग. प्लग काढा म्हणजे हँडलने इंजिन हलकं फिरतं. रेडिएटरकडून वॉल्व्ह १ ते ८ मोजा. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट. २, ३, ६, ७ इनलेट. नऊचा हिशोब (जोडीची बेरीज नऊ) : ८ पूर्ण दाबलेला असताना १ सेट करायचा, ६ दाबलेला असताना ३, ४ ला ५, ७ ला २, आणि पुढे उलट जोड्या. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिलर (गॅप मोजायची पट्टी) घालून बघा.

इथे एक गंमत आहे. जुन्या रॉकरच्या टोकाला वॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. फिलरची पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी आडवी बसते. पट्टी १५ म्हणते, खरी फट २० च्या पुढे असते. बोटाचं नख फिरवलं की खळगा लागतो. अशा रॉकरला स्क्रूच्या फेऱ्याने सेट करा. स्क्रूला इंचाला २४ आटे असतील तर एक फेरा म्हणजे साधारण ४२ थाऊ. रॉकरचं गुणोत्तर सुमारे १.४ धरलं की वॉल्व्हकडे ६० च्या आसपास होतात. म्हणजे फट शून्य होईपर्यंत हाताने हलका आवळा आणि बरोबर पाव फेरा सोडा. १५ थाऊ. पण हा तात्पुरता उपाय. खळगा ग्राइंड करून घ्यायचा किंवा रॉकर बदलायचा.

कोणता वाजतोय ते असं शोधा : रॉकर कव्हर काढून इंजिन आयडलला ठेवा (ऑइल उडतं, खाली चिंध्या लावा). रॉकर आणि वॉल्व्हच्या मध्ये एकेका ठिकाणी फिलरची पट्टी सरकवा. ज्या ठिकाणी आवाज मेला तो तुमचा गुन्हेगार. त्याच वेळी पुशरॉडकडेही बघा. प्रत्येक पुशरॉड हळूहळू स्वतःभोवती फिरला पाहिजे. एखादा नुसता वर-खाली होत असेल आणि फिरत नसेल, तर खाली टॅपेटचा तळ गेलाय असं समजा.

ऑइलगळती :

सेटिंगआधी रॉकरला ऑइल येतंय का ते बघा, कारण तुम्ही कॅमबुश बदललेत. या इंजिनात रॉकरचं ऑइल मागच्या कॅमबुशमधून ब्लॉक-हेडच्या भोकाने मागच्या रॉकर ब्रॅकेटमध्ये चढतं आणि तिथून शाफ्टमध्ये जातं. बुश ठोकताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलं नाही, तर प्रेशर गेज छान दाखवेल आणि वर सगळं कोरडं. हेड गॅस्केट उलटं बसलं तरी तेच. मागच्या ब्रॅकेटचा शाफ्ट धरणारा स्क्रू राहिला असेल तर शाफ्ट फिरून भोक झाकतो.

तपासणी : इंजिन आयडलला ठेवून मिनिटभर थांबा. धार येत नसते, प्रत्येक रॉकरच्या बुशमधून ऑइल झिरपलं पाहिजे. पुढचा १ नंबर सगळ्यात शेवटी भिजतो, म्हणून त्याच्यावर डोळा ठेवा. कोरडा राहिला तर रॉकर असेंब्ली उतरवा आणि प्लग काढून स्टार्टर मारा. मागच्या ब्रॅकेटखालच्या भोकातून ऑइल वर यायला हवं. असेंब्लीचे काही नट हेडचेही असतात, त्यामुळे आधी रेडिएटर रिकामा करा, नाहीतर पाणी भलतीकडे जाईल. बसवताना ते नट मॅन्युअलच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

शाफ्ट बाहेर आलाच आहे तर खालच्या अंगाने नख फिरवा. पायरी लागली तर शाफ्ट आणि बुश दोन्ही गेले.

पाना-बारा :

तो टॅपेटच आहे ना, एवढं बघा. मॅनिफोल्ड गॅस्केटची गळतीही अशीच वाजते. थंड इंजिनला जोरात, गरम झाल्यावर कमी, आणि टक ऐवजी चक्-चक्. रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक जोडांवर फिरवा. एकेका प्लगची वायर अर्थ करूनही बघा. आवाज बदलला तर खालचं बघायला लागेल, पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड. टॅपेटला त्याचा फरक पडत नाही. टायमिंग लाइट १ नंबरला लावला तर दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. चमकेमागे एक टक असेल तर वॉल्व्हचं काम, दोन असतील तर क्रँककडचं.

जुनागाडा :

सगळं करून बघितलं. ऑइल आठही रॉकरना येतंय. मॅनिफोल्डला गळती नाही. प्लग अर्थ करून फरक नाही. ३ नंबरला पट्टी घातली की आवाज जातो. ३ चा पुशरॉड फिरत नाही, बाकी सात फिरतात. २०० किमीपूर्वी १५ ठेवलेली गॅप तिथे आता २४ आहे. रॉकरला खळगा नाही.

थाऊमास्तर :

मग लोब (कॅमचा उंचवटा) आणि टॅपेट एकमेकांना खातायत. गॅप वाढत जाणं म्हणजे धातू जातोय. सीट बसत असती तर उलट गॅप कमी झाली असती. खात्रीसाठी २, ३, ६, ७ च्या स्प्रिंगच्या टोपीवर डायल गेज लावून पूर्ण लिफ्ट मोजा. चारही इनलेट, आकडे जवळजवळ सारखे हवेत. ३ मध्ये १० थाऊपेक्षा जास्त कमी भरली तर विषय संपला. उरलेल्यांची गॅपसुद्धा एकदा नऊच्या हिशोबाने बघा आणि हँडल २०-३० अंश पुढे-मागे करून परत बघा. त्या टप्प्यात गॅप बदलायला नको. बदलली तर ग्राइंडिंगमध्ये कॅमचा गोल भागच वाकडा आलाय, मग कितीही सेट करा.

टॅपेट बघायला हेड काढायची गरज नाही. मॅनिफोल्ड सोडला की मागे दोन झाकणं आहेत. आधी पुशरॉड काढा. वर ओढताना थोडा पिळा, नाहीतर टॅपेट चिकटून अर्धा वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबरवार खोचून ठेवा. टॅपेटच्या तळाला स्टीलची पट्टी आडवी लावून उजेडाकडे धरा. मध्ये उजेड दिसला तर तळ खोल गेलाय.

चूक कुठे झाली ते उघड आहे. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबवर बसलेला असतो. नव्याने ग्राइंड केलेल्या कॅमवर तो नीट फिरत नाही, एकाच जागी घासतो, आणि लोबचा कडक थर गेला की मग वेळ लागत नाही. कॅम आणि आठही टॅपेट एकत्रच बदला, फक्त ३ नंबर बदलून भागणार नाही. ग्राइंडिंगवाल्याकडून कॅम परत कडक केला का, हे विचारून घ्या.

कॅम काढायला रेडिएटर, ग्रिल, टायमिंग कव्हर, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह आणि ऑइल पंप काढावा लागतो. मेकॅनिकल फ्युएल पंप असेल तर तोही. म्हणजे सम्प (इंजिनखालचं ऑइलचं पातेलं) खाली येणारच. तो साफ धुवा आणि फिल्टर बदला. लोबची लोखंडी पूड ऑइलबरोबर फिरलीय, म्हणून एखादं बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) उघडून बेअरिंगवर ओरखडे आहेत का ते बघा.

बसवताना लोब आणि टॅपेटच्या तळाला मोलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) पेस्ट. ऑइल जुन्या इंजिनांसाठीचं, झिंक जास्त असलेलं. पेट्रोल, टायमिंग, पाणी सगळं आधी तयार ठेवा म्हणजे सेल्फ मारत बसावं लागणार नाही. सुरू झालं की लगेच २००० आरपीएमवर, थोडं कमी-जास्त करत, २० मिनिटं. आयडलला अजिबात सोडू नका. हळू फिरताना लोबवर ऑइल कमी उडतं आणि दाब सगळ्यात जास्त असतो.

ऑइलगळती :

२० मिनिटांनंतर ते ऑइल गरम असतानाच काढून टाका. फिल्टर कापून घड्या उघडून बघा आणि चुंबक फिरवा. थोडी राखाडी पेस्ट चालते. चमकणारे कण दिसले तर गाडी बाहेर काढू नका.