कृतिदेव सोडायचं का? झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भ) टायपिंगवाल्यांचं मत हवं

टायपिंगवाला, सिंदेवाही
दिवाळीआधी नाटकांच्या संहिता टाइप करतो, बारा वर्षं झाली. सगळं कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टात. यंदा ठरवलं, नवी संहिता कृतिदेवात घ्यायची नाही. मागच्या हंगामात एका नाटक कंपनीला व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली. वडसात तालीम सुरू, नटानं फोन उघडला, तर 'मराठी'च्या जागी इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, बी, एच! कृतिदेवात 'म' साठवलाच जात नाही. साठवली जाते इंग्रजी 'ई', तिच्यावर 'म'चं चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट नसला की चित्र गेलं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात 'म'ला १९९१ पासून स्वतःचा क्रमांक आहे. लेखकानं रात्री जागून लिहिलेले संवाद एका फॉन्टच्या भरवशावर टाकायचे, हे मला आता सहन होत नाही.

प्रेसवाला, वडसा
भाऊ, तुमचं दुखणं समजते, पण उपाय पटत नाही. माझा धंदा पेजमेकर ७ वर चालते. २००१ चं सॉफ्टवेअर, युनिकोड घेतच नाही. लग्नसराईत गिऱ्हाईक बाजूच्या खुर्चीवर बसून 'निमंत्रकांत अजून दोन नावं टाका' म्हणते, तेव्हा बोटं अडखळून चालत नाही. पंचवीस वर्षं रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या कळफलकावर, बसलेला हात आता इनस्क्रिप्ट हा वेगळा कळफलक शिकणार? फाइल पाठवायची तर पीडीएफ करा, फॉन्ट आतच राहते.

टायपिंगवाला, सिंदेवाही
पीडीएफ वाचायपुरती ठीक आहे. दोन प्रयोग झाले की दिग्दर्शक संवाद बदलतो, तेव्हा ती काय कामाची? त्यात 'पाटील' शोधलं तर एक पाटील सापडत नाही. आणि हात बदलायची गरज नाही जी! रेमिंग्टन गेल हा कळफलक युनिकोडासाठीच आहे, कळा बहुतेक त्याच. मला आठ दिवस लागले, तेही जोडाक्षरांसाठी.

ऑपरेटर, नागभीडजवळचं गाव
नवीन काम युनिकोडात करा, माझी हरकत नाही. पण जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून (कृतिदेवाचं युनिकोड करणारं सॉफ्टवेअर) काढायच्या नादी लागू नका. मी ग्रामसभेचे ठराव काढून पाहिले. 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' झाला. कृतिदेवात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडात 'र्' आधी लागतो. पहिली वेलांटी याच्या उलट. ठरावात एखाद्याचं नाव असं बिघडलं तर तो माणूस दाखला घेऊन कुठं जाईल?

टायपिंगवाला, सिंदेवाही
हे मान्य. मूळ फाइल तशीच ठेवायची, बदललेली ओळीओळीनं वाचायची. पण वाचायलाच हवी. कृतिदेव असलेला शेवटचा कॉम्प्युटर भंगारात जाईल, त्या दिवशी त्या संहिता कोण उघडेल?

प्रेसवाला, वडसा
पत्रिका मी पेजमेकरातच करीन. संहिता युनिकोडात आणा, लिबरऑफिसात उघडून छापून देतो. माझ्याकडे जुन्या नाटकांची अख्खी हार्डडिस्क पडून आहे. ती वाचायला बसणारा माणूस कोण देते, तेवढं सांगा.