‘गिल्ट येतो’ला मराठीत काय म्हणायचं?

वेणुग्रामी :
गेल्या वर्षी आम्ही एसी बसवला. बेळगावात एसी, हे लिहितानासुद्धा ओशाळायला होतंय. साडेसातशे मीटर उंचीवरचं आमचं गाव. दोन दिवस उकडलं की तिसऱ्या संध्याकाळी वळीव ठरलेला. यंदा वळीव फिरकलाच नाही. लेक रात्रभर एसीत झोपली आणि सकाळी म्हणते, “आई, मला फार गिल्ट येतो. आपण गार झोपायचं आणि बाहेर जग तापवायचं.” सासूबाईंनी तेवढंच ऐकलं : “गिलीट? कुठल्या दागिन्याला?” (गिलिटाचे, म्हणजे मुलामा दिलेले दागिने त्यांच्या पिढीनं पाहिलेत, लेकीनं नाव ऐकलेलं नाही.) तिला याच विषयावर निबंध लिहायचाय. तिनं ‘अपराधगंड’ लिहिलंय. मला तो शब्द घशाखाली उतरत नाही. दुसरा सुचवा.

निपाणीकर :
अपराधीपणा. विषय संपला.

वेणुग्रामी :
अपराधी म्हटलं की कोर्ट डोळ्यांसमोर येतं ओ. एसी लावणं हा अपराध आहे का?

निपाणीकर :
नाही ना? मग वाटून कशाला घ्यायचं? आमच्या घरी टोचणी एकच, गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेची. दोनशे युनिटच्या वर गेलं की सगळं बिल अंगावर. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट ओढतो. मी रात्री दोनला उठून बंद करतो ते काय पृथ्वीसाठी नव्हे.

खानापूरची लेक :
ताई, ‘गंड’ खोडा. न्यूनगंड, अहंगंड ही मानसशास्त्राच्या पुस्तकांसाठी घडवलेली मंडळी. गंड म्हणजे गाठ, सूज, गंडमाळेतला तोच. वर्षानुवर्षं मनात बसलेलं काहीतरी. एका रात्रीच्या एसीनं गंड धरत नाही.

रुखरुखही चालणार नाही. ती राहून गेलेल्या गोष्टीची असते : आजारी आत्तीला भेटायला जायचं राहिलं आणि आत्ती गेली. चुटपुट तिची धाकटी बहीण, अर्ध्या मिनिटानं बस चुकली की लागते. दोन्हींत आपल्या हातून काही झालं नाही म्हणून वाईट वाटतं. इथं हातून झालंय. ओशाळायला कुणीतरी बघणारं लागतं. बंद खोलीत, पांघरुणात माणूस कुणापुढं ओशाळणार? खंत मोठी, आणि ती दुसऱ्यांच्या चुकांचीही करता येते.

खरी गंमत मात्र पुढं आहे. अनुताप घ्या, पश्चात्ताप घ्या. दोन्हींत ‘ताप’ बसलाय. ताप म्हणजे उष्णताच. अनुताप म्हणजे मागून येणारी. कीर्तनात हा शब्द शंभरदा ऐकलाय, पण त्यातली धग मला यंदाच्या उन्हाळ्यात कळली. आणि समाधान बघा, सगळं गार. जीव निवतो, डोळे निवतात, काळजाला थंडावा मिळतो. उन्हाच्या मुलखातली भाषा, सुख थंडच असणार. तुमच्या लेकीची पंचाईत तीच झालीय : अंग निवलंय आणि मन तापलंय. त्याला एक नाम सापडेलसं वाटत नाही.

जाता जाता : आमची कन्नड शेजारीण याला ‘पापप्रज्ञे’ म्हणते. त्यांच्याकडं ‘पाप’ म्हणजे आपलं पाप, आणि कुणाची कीव आली की चुकचुकतात तेही ‘पाप!’च. माझी चूक आणि दुसऱ्याची दया एकाच शब्दात. मला हेवा वाटतो.

वडगावचा विणकर :
एसीवर मी काय बोलणार, खरं बोलतो. आमच्या मागाच्या खोलीत पंखासुद्धा जपून लावतात, हवा कोरडी झाली की धागा तुटतो. बोळ चार हातांचा. समोरच्या घरात एसी आला आणि त्याचं बाहेरचं मशीन बरोबर आमच्या कट्ट्याकडं तोंड करून. कट्ट्यावर आईची तुळस. आठवड्यात करपली. पान बोटात धरलं की चुरा, मंजिऱ्या नुसत्या काड्या. आई काही बोलली नाही. चौथ्या दिवशी समोरची काकू स्वतः रोप घेऊन आली, पदरानं घाम पुसत म्हणाली, “घ्या ओ वैनी, मन खातंय माझं.” शब्द कुठला शोधताय? काकूनं सांगितला की.

खानापूरची लेक :
मन खातंय! हाच. एवढा वेळ मी नामं चाळत बसले आणि होतं क्रियापद. व्याकरणही बघा : अपराधीपणा ‘मला’ वाटतो, तिथं निदान वाटणारी मी असते. इथं मन कर्ता आणि मी त्याचा घास.

काकूचं मन नेमकं कशाला खात होतं तेही सांगते. एसी गारवा तयार करत नाही. खोलीतला उकाडा उचलून बाहेर टाकतो, आणि स्वतः ओढलेल्या विजेची उष्णता वर घालतो. तुळस काकूच्या खोलीतल्या उकाड्यानंच करपली म्हणायची. ती दिसली म्हणून मन खाल्लं. त्याच विजेसाठी रायचूरला कोळसा जळतो, तो कट्ट्यावरून दिसत नाही. मशीनमधला वायू गळतो, तोही नाही. हल्लीच्या एसीतला आर-३२ कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट तापवतो, त्याआधीचा आर-४१०ए तर दोन हजार पटींच्या वर. हे वायू कमी करायचं २०१६ साली रवांडातल्या किगालीत देशोदेशींच्या बैठकीत ठरलं. म्हणून माझी वाटणी अशी : तुळशीपायी मन खातं, कोळशाची नि वायूची खंत वाटते. लांबचं मनाला खायला मिळत नाही.

निपाणीकर :
आणि २४ वर ठेवला तर? २०२० पासूनचे नवे एसी चालू करताना आपसूक २४ वरच येतात.

वेणुग्रामी :
लेकीला विचारलं. म्हणते, २४ वर मन खात नाही, नुसतं कुरतडतं.

निबंधातलं वाक्य ठरलं : “अंग निवलं, खरं मन खातंय.”

पुण्याची मावशी :
वाक्य फार गोड. पण मध्येच ‘खरं’ का? ‘अंग निवलं हे खरं’ असं म्हणायचंय का?

वेणुग्रामी :
नाही ओ मावशी. आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘येतो म्हणाला, खरं आला नाही.’ बाई त्याच्याभोवती लाल गोल करणार हे लेकीला माहितेय, तरी तिनं ठेवलंय.

निपाणीकर :
इकडं वळीव आला, चार थेंब पडले आणि लाईट गेली. आता कुणाचं मन खात नाही, नुसतं उकडायलंय.