मदत हवी आहे: रुग्णालयाचे थकलेले बिल, वसुलीचे फोन आणि महिन्याला उरणारे दोन हजार रुपये

नमस्कार. मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबाचे काम करते. माझे पती सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात, कामाला होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि जवळच्या शहरातील एका ट्रस्टच्या रुग्णालयात ते अकरा दिवस अतिदक्षता विभागात व नंतर नऊ दिवस वॉर्डात होते. ते वाचले, आता काठी घेऊन चालतात, मात्र उजवा हात अजून साथ देत नाही, त्यामुळे घरात कमाई माझी एकटीचीच आहे.

एकूण बिल ३,७२,००० रुपये झाले. माझे दागिने मोडून ८०,००० आले, येथील एका पतसंस्थेने दोन जामीनदारांवर ८०,००० दिले, आणि रुग्णालयाच्या आवारातच टेबल मांडून बसलेल्या एका फायनान्स कंपनीच्या माणसाने अर्ध्या तासात दीड लाखाचे कर्ज २६ टक्के व्याजाने, चोवीस हप्त्यांत मंजूर करून दिले, ज्याचा हप्ता ८,०८१ रुपये येतो. उरलेल्या ६२,००० रुपयांसाठी रुग्णालयाने माझ्याकडून हमीपत्र आणि ३१,००० रुपयांचे दोन धनादेश, तारीख न घालता, सही करून घेतले. त्या दिवशी मी कशावरही सही केली असती.

फायनान्स कंपनीचे पाच हप्ते मी भरले. मे २०२५ पासून ते थांबले आणि जूनपासून पतसंस्थेचेही थांबले, तेथे आज सुमारे ६१,००० बाकी आहे. माझा पगार १३,००० रुपये आहे. त्यातून घरभाडे ३,५००, औषधे आणि व्यायामोपचार २,६००, आणि किराणा, गॅस, वीज, मुलांची शाळा मिळून ४,८०० जातात. उरतात २,१००, तेही घरात कोणी आजारी पडले नाही तर.

कंपनीचे वसुली प्रतिनिधी रात्री नऊनंतर फोन करतात, पतींच्या जुन्या कारखान्यात जाऊन आले, आणि माझ्या नणंदेला तिच्या शाळेत फोन करून ‘तुमच्या वहिनीवर वॉरंट निघणार आहे’ असे सांगितले. रुग्णालयानेही आपली बाकी एका वसुली एजन्सीकडे दिली आहे, तिचा माणूस ‘धनादेश बँकेत टाकू’ म्हणतो. पतसंस्थेचे वसुली अधिकारी मात्र महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात आणि ‘बघा वहिनी, काहीतरी करा’ एवढेच म्हणून जातात. दर महिन्याला फायनान्स कंपनी खात्यातून हप्ता ओढू पाहते, शिल्लक नसते, आणि बँक प्रत्येक वेळी २९५ रुपये कापते, हे वेगळेच.

मला कोणाचे पैसे बुडवायचे नाहीत. माझा प्रश्न एवढाच आहे की हे २,१०० रुपये तिघांत थोडे थोडे वाटावेत, की जो सर्वांत जास्त त्रास देतो त्या फायनान्स कंपनीला आधी द्यावेत? आणि रुग्णालयाच्या बिलाबाबत आता, इतक्या महिन्यांनी, काही करता येते का? आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे. महात्मा फुले योजनेबद्दल मी दाखल करतानाच विचारले होते, तेव्हा ‘आमच्याकडे ती योजना नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

प्रतिसाद १

ताई, मी सहकार क्षेत्रात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली, त्यातील बरीच वर्षे वसुलीतच गेली, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. आपण ज्यांना सर्वांत सौम्य समजत आहात, कायद्याच्या दृष्टीने त्यांचा हात सर्वांत लांब आहे. पतसंस्थेला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अर्ज करते, आपली बाजू ऐकली जाते, आणि वसुली दाखला निघाला की त्यावर थेट जप्ती करता येते. शिवाय हा दाखला एकट्या कर्जदाराविरुद्ध नसतो, जामीनदारांची नावेही त्यात येतात आणि त्यांच्या पगारातूनही वसुली होऊ शकते. चहा पिऊन जाणारा तो अधिकारी बहुधा आपल्या परिस्थितीमुळे फाईल दाबून बसला आहे, पण मार्चअखेर आली आणि वरून थकबाकीचा आकडा विचारला गेला की त्याचाही नाइलाज होईल.

फायनान्स कंपनीचे कर्ज विनातारण आहे. तिला दावा किंवा लवाद करावा लागेल. केवळ हप्ते न भरता येणे हा गुन्हा नाही, त्यामुळे ‘वॉरंट’ हा शब्द फोनवर वापरणारा माणूस आपल्या घाबरण्यावर जगतो. एक अपवाद लक्षात ठेवा: खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लकीअभावी परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियमाच्या कलम २५ खाली धनादेश न वटण्यासारखीच तक्रार होऊ शकते. म्हणून कंपनीला आणि बँकेला लेखी कळवून ते मँडेट (हप्ता आपोआप कापण्याची आपण दिलेली परवानगी) थांबवून घ्या, २९५ रुपयांची गळतीही थांबेल.

माझे मत विचाराल तर पैसे तिघांत समान वाटू नका. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या, पतींच्या आजाराची कागदपत्रे जोडा, मुदत वाढवून दरमहा १,५०० चा हप्ता मागा, आणि मागणी मान्य होण्याची वाट न पाहता पुढच्याच महिन्यापासून भरायला सुरुवात करा. जामीनदारांना हे आपणच आधी सांगा, नोटिशीतून कळले तर नाती तुटतात. मी ती तुटताना पाहिली आहेत.

प्रतिसाद २

मी एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे रुग्णालयाबद्दल लिहिते.

आपले रुग्णालय ट्रस्टचे आहे, हा आपल्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम एका वेगळ्या निधीत जमा करावी लागते. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. पती कमावत असताना आपले दोघांचे उत्पन्न कोणत्या मर्यादेत होते, हे तहसीलदारांच्या दाखल्यावर ठरेल. आज मात्र आपण १,५६,००० वर, म्हणजे निर्धनच्या आत आहात. सवलत दाखल असतानाच मागायची असते असे रुग्णालय सांगेल, आणि त्यात तथ्यही आहे, पण कोणी आपल्याला या खाटांबद्दल सांगितले नव्हते आणि दर्शनी भागात फलकही नव्हता, असे असल्यास धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते. संपूर्ण बिल माफ होईल असे मी म्हणणार नाही. उरलेल्या ६२,००० मध्ये मोठी घट होण्याची शक्यता मात्र खरी आहे, कारण तक्रारीची प्रत गेल्यावर विश्वस्तांना बोलणी करावीशी वाटतात.

त्याआधी एक करा: रुग्णालयाकडे तपशीलवार बिल मागा. ‘औषधे व साहित्य’ अशी एकच ओळ असलेले बिल स्वीकारू नका. हातमोजे, कॅथेटर, सलाईनचे संच यांच्या संख्येत मी स्वतः अनेकदा चुका शोधल्या आहेत आणि त्या नेहमी रुग्णालयाच्या फायद्याच्याच असत, हा योगायोग मला कधी उलगडला नाही.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा मार्ग कोणी सुचवला तर त्यात वेळ घालवू नका. ती मदत चालू उपचारांसाठी आहे, आधी भरलेल्या किंवा थकलेल्या बिलासाठी नाही. महात्मा फुले योजनेचा लाभही मागाहून मिळत नाही. पतींना पुन्हा दाखल करण्याची वेळ आलीच, तर आधी योजनेच्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांची यादी पाहा. जुलै २०२४ पासून ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू आहे.

धागाकर्ती

आपल्या दोघांचे मनापासून आभार. फलक होता की नाही हे मला आठवत नाही, तेथे मी भिंती वाचण्याच्या मनःस्थितीत नव्हते. दोन शंका आहेत. रुग्णालयाने ते बिनतारखेचे धनादेश खरोखरच बँकेत टाकले तर काय? आणि रात्रीचे फोन थांबवण्यासाठी कोठे जावे?

प्रतिसाद ३

मी वकिली करतो, मात्र येथे लिहिलेले प्रत्यक्ष सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

‘तारीख मी घातली नव्हती’ हा बचाव टिकत नाही. सही केलेला अपुरा धनादेश धारकाने भरून वटवायला टाकला तरी धनादेश न वटण्याच्या गुन्ह्याचे कलम १३८ लागू होऊ शकते. तो न वटल्यास रुग्णालयाने तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर गुन्हा घडत नाही. म्हणून कोणतेही नोंदणीकृत टपाल नाकारू नका, त्या पंधरा दिवसांवरच सगळे अवलंबून आहे. दुसरी गोष्ट, रुग्णालयाला दरमहा ५०० रुपये जरी दिलेत तरी पावती घ्या. मधल्या काळात काही रक्कम फेडली असताना धनादेश पूर्ण रकमेसाठी वटवायला टाकला, आणि फेडलेल्या रकमेची नोंद त्यावर केली नाही, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. एजन्सीच्या माणसाला रोख देऊ नका, रुग्णालयाच्या खात्यातच भरा.

फोनबाबत: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देता येत नाही. फोनची वेळ दाखवणारी छायाचित्रे आणि नणंदेचे लेखी निवेदन जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांना पत्र पाठवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. हे नियम रुग्णालयाच्या एजन्सीला लागू होत नाहीत. तिने धमकी दिली तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागेल.

कंपनी काही महिन्यांनी तडजोडीचा प्रस्ताव देईल, किंवा लोकअदालतीची दावापूर्व नोटीस येईल. ती वाचून घाबरू नका, तेथे कोणी आपल्यावर तडजोड लादू शकत नाही. मात्र एकदा सही झाली की त्या निवाड्याविरुद्ध अपील नसते, म्हणून पेलवेल तेवढाच आकडा मान्य करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आपल्याला मोफत वकील मिळू शकतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही.

धागाकर्ती

उद्या अर्धा दिवस रजा घेऊन आधी पतसंस्थेत आणि मग तहसील कार्यालयात जाते. दोन्ही जामीनदारांशी आजच बोलले. एक माझे चुलत दीर आहेत, ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की अर्जावर त्यांचीही सही घे. १,५०० पतसंस्थेला, ५०० रुग्णालयाला पावतीने, आणि फायनान्स कंपनीला तूर्त फक्त पत्र, असे ठरवले आहे. तपशीलवार बिल मिळाले की त्यातील नावे काढून येथे टाकीन, ‘साहित्य’ या ओळीखाली काय काय बसले आहे ते समाजसेवा अधीक्षकताईंनी कृपया पाहावे.