अनुभव धागा: स्पोर्ट्स कार एकच, देश बदलला की गाडी वेगळी

मंडळी, आपल्यातले कितीतरी जण नोकरीधंद्यासाठी जगभर पसरलेत आणि गाड्यांचं वेड सोबत घेऊन गेलेत. एकाच नावाची गाडी दर देशात वेगळी का निघते, हे तिथे राहून ती चालवणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

सुरुवात मी करतो. निस्सानची सिल्व्हिया जपानात टर्बो इंजिनासह (म्हणजे जास्त हवा कोंबून ताकद वाढवलेलं) मिळायची. अमेरिकेत तीच गाडी २४०एसएक्स नावाने विकली गेली, पण बॉनेटखाली २.४ लिटरचं बिनटर्बो इंजिन. युरोपात २००एसएक्स, तिथे पुन्हा टर्बो. आता कुणी नुसतं विचारलं, ‘सिल्व्हियाला कुठला क्लच बसेल?’ तर काय सांगणार? उत्साहाच्या भरात आपण धडाधड सल्ले देतो आणि समोरच्याचे पैसे पाण्यात जातात. त्यामुळे एकच विनंती: गाडी कोणत्या देशासाठी बनलेली, साल आणि इंजिन हे आधी लिहा. आणि दुसऱ्याच्या देशातल्या नियमांना पळवाटा सुचवू नका. विमा आणि लायसन्स त्याचं पणाला लागतं.

योकोहामाहून

छान धागा. माझी गाडी होंडा बीट, १९९१ची, जपानसाठीच बनलेली. इंजिन ६५६ सीसी, सीटच्या मागे, टर्बो नाही, ताकद ६४ पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर). भारतातल्या मैत्रिणी विचारतात, एवढ्याशा इंजिनाची कसली गं स्पोर्ट्स कार? इथे ६६० सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग आहे, केई म्हणतात. पिवळी नंबरप्लेट आणि कर बराच कमी. त्या चौकटीत बसवून सुझुकीने कापुचिनो काढली, माझ्दाने तर वर उघडणाऱ्या दारांची एझेड-१ काढली. डोंगरातल्या अरुंद वळणांवर बीट दुसऱ्या गिअरमध्ये आठ हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाते आणि काटा अजून साठच्या आतबाहेर असतो. मजा घ्यायला वेगमर्यादा मोडावी लागत नाही, हे मला या गाडीने दाखवलं.

मोठ्या गाड्यांचं गणित निराळं. जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवून २००४पर्यंत कागदावर २८० पीएसच्या वर आकडा जाऊ दिला नाही. वेगाला १८० किलोमीटरचा लगाम असतोच. निस्सानच्या आर३५ जीटी-आरमध्ये तो लगाम रेसट्रॅकवर पोचल्याचं जीपीएसने ओळखलं तरच सुटतो. कायम जपानी मैदानावर खेळणाऱ्या गाडीचे आकडे बाहेरच्या गाडीशी थेट ताडून पाहू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या इथे दाइकोकूच्या पार्किंगमध्ये रात्री गाड्या जमतात. बघायला येणाऱ्यांना एवढंच सांगते: इंजिन बंद ठेवा, उगाच ॲक्सिलरेटर दाबून आवाज करू नका, न विचारता दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नका. गोंगाट वाढला की पोलीस सगळं पार्किंगच रिकामं करतात आणि शांतपणे आलेल्यांनाही परत जावं लागतं.

तोरिनोहून

थोडक्यात लिहितो. इटलीत एके काळी दोन लिटरच्या वरच्या इंजिनांवर जबर कर होता. म्हणून फेरारीने आपल्या ३०८ मॉडेलची दोन लिटरची बहीण काढली, २०८. आठ सिलेंडर आणि ताकद अवघी १५५च्या आसपास. पुढे टर्बो जोडून ती २२०वर नेली. इंजिनिअरच्या मनात काय होतं, एवढ्यावरून गाडी घडत नाही, करखात्याचाही त्यात हात असतो.

कॅलिफोर्नियाहून

पेट्रोलबद्दल लिहायलाच हवं, कारण यावरून फार गोंधळ होतो. इथल्या पंपावर प्रीमियम पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९१ असतो. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या भाच्याने तो फोटोत पाहिला आणि म्हणाला, ‘मामा, आपल्याकडचं साधं पेट्रोलही ९१च, मग टर्बोला चालेल ना?’ नाही चालणार. अमेरिकेत ऑक्टेनच्या दोन मोजण्यांची सरासरी लिहितात, भारतात आणि युरोपात त्यातली एकच, आरओएन. इथलं ९१ म्हणजे तिकडचं साधारण ९५-९६. झाकणावर ‘९१’ असं लिहिलेली अमेरिकन गाडी असेल तर भारतीय पंपावर निदान ९५चं भरावं.

दुसरं, जपानी गाडी २५ वर्षांची झाली की अमेरिकेत आणता येते, पण कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम वेगळे. केंद्राची सूट इथे पुरत नाही. निस्सानची स्कायलाइन आर३४ टेक्सासमध्ये रस्त्यावर दिसली म्हणून ती इथेही सहज पासिंग होईल असं धरून बसू नका.

दुबईहून

इथे विकत घेताना पहिला प्रश्न: जीसीसी आहे का? म्हणजे आखातासाठी बनलेली, थंडावा देणारी यंत्रणा आणि एसी इथल्या उन्हाला पुरेल असा. अमेरिकेतून आलेली गाडी स्वस्त पडते, पण माझ्या मित्राला मिळालेली तिकडे अपघातात निकामी ठरवलेली निघाली. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. चासी नंबरवरून इतिहास काढल्याशिवाय टोकन देऊ नका.

स्टुटगार्टहून

जर्मनी म्हटलं की सगळे ऑटोबानचं, म्हणजे इथल्या हायवेचं विचारतात. मला नंबरप्लेटबद्दल सांगायचंय. माझ्या माझ्दा एमएक्स-५च्या प्लेटवर उजव्या कडेला एकावर एक दोन आकडे आहेत, ०४ आणि १०. एप्रिल ते ऑक्टोबर. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीच्या काळात ती चालवायची नाहीच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करायची नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी तशीही गॅरेजमध्येच बरी.

चाकं, स्प्रिंगा, सायलेन्सर काहीही बदललं तर मंजुरीचा कागद लागतो किंवा तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंद. भारतातून कुणी ‘घालून टाक, कोण बघतंय’ म्हणालं की वाईट वाटतं. इथे बघतात.

फोंड्याहून

आमच्या गोव्यातच बनलेली सॅन स्टॉर्म अजून सांभाळून आहे. दोन सीटा, उघडं टप, फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद फार नाही, पण गाडी हलकी आहे. पावसाळ्यानंतर मिरामारच्या रस्त्याने संध्याकाळी टप काढून निघालं की आणखी काही नको वाटतं. स्पीडब्रेकर मात्र तिरकाच घ्यावा लागतो, एकेक चाक चढवत.

अडचण सुट्या भागांची. स्टुटगार्टचे दादा, रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगोलाही ११४९ सीसीचं इंजिन होतं ना? तिकडे टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मिळेल का?

स्टुटगार्टहून

मिळायला हवा. पण एकाच सीसीमध्ये प्रकार बरेच आहेत. इंजिन ब्लॉकवर कोड कोरलेला असतो, तो पुसून स्वच्छ फोटो टाका. जुना बेल्ट काढलात तर त्याचे दातेही मोजून कळवा. त्यावरून दुकानात विचारतो.