मदत हवी आहे : टाकी भरल्यावर १२ व्होल्ट देणारा सिग्नल उलटा करायचा आहे. रिले लावू की ऑप्टोकपलर?

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, माणिक चमन. ओढ्याकाठच्या विहिरीतून वरच्या सिमेंटच्या टाकीत पाणी चढवतो आणि टाकीतून ठिबकला सोडतो. विहीर ते टाकी साधारण अडीचशे मीटर. विहिरीवर थ्री फेज मोटर, त्यावर मोबाईल स्टार्टर. टाकीजवळ लहान सोलर पॅनल आणि १२ व्होल्टची ७ एएच बॅटरी.

स्टार्टरवर 'ऑटो' असे दोन पॉइंट आहेत. ते एकमेकांना जोडले की मोटर चालू, सुटे केले की बंद. आजवर तिथपर्यंत टाकीतल्या फ्लोटची वायर होती. फ्लोटला शेवाळ धरतं आणि तो अडकतो, म्हणून आता सेन्सरवाला लेव्हल कंट्रोलर बसवला आहे. अडचण अशी की त्याचं आउटपुट मुळात टाकी भरल्यावर भोंगा वाजवण्यासाठी दिलेलं आहे. टाकी भरली की १२ व्होल्ट येतात, पाणी खालच्या खुणेखाली गेलं की शून्य. मला नेमकं उलटं हवं: रिकामी असताना पॉइंट जोडलेले, भरल्यावर सुटे.

मीटरने मोजलेलं देतो. बॅटरी १२.६ व्होल्ट. भरलेल्या टाकीला आउटपुट १२.४, रिकाम्याला ०.१. पुस्तिकेत आउटपुटची मर्यादा २० मिलिअँपिअर लिहिली आहे. स्टार्टरचे ऑटो पॉइंट मोकळे असताना त्यांच्यात ५ व्होल्ट डीसी दिसतात, जोडल्यावर त्यातून अर्धा मिलिअँपिअर जातो. हाताशी १२ व्होल्टचा चौकोनी रिले (कॉइलला करंट मिळाला की ओढला जाणारा स्विच) आहे, कॉइल ४०० ओहम. पीसी८१७ ऑप्टोकपलरही आहेत (आतली एलईडी पेटली की पलीकडचा ट्रान्झिस्टर जोडतो, दोन्ही बाजू एकमेकींना वायरीने जोडलेल्या नसतात).

टाकी बांधावर आहे आणि तिचं वरून वाहणारं पाणी थेट बागेच्या ओळींत शिरतं. मण्यांत पाणी उतरायच्या वेळी मुळाशी असं पाणी साचलं तर मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत जाते. आमच्याकडे थ्री फेज पाळीने येते, रात्रीच्या पाळीला शेतात कुणी नसतं. त्यामुळे मोटर एखादे वेळी चालू झाली नाही तरी चालेल, पण बंद व्हायची राहून चालणार नाही.

रिलेचा एनसी पॉइंट (कॉइलला करंट नसताना जोडलेला असतो तो) वापरला की काम होईल का? की ऑप्टो बरा? आणि हे टाकीजवळ बसवू की स्टार्टरजवळ?

प्रतिसाद, पलूसहून

दादा, सोपं आहे. रिलेची कॉइल कंट्रोलरच्या आउटपुटवर, कॉमन आणि एनसी ऑटो पॉइंटवर. भरली की रिले ओढतो, एनसी सुटतो, मोटर बंद. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका, नाहीतर रिले सुटताना येणारा झटका कंट्रोलर खाईल.

धागाकर्ता

धन्यवाद. पण ४०० ओहमला १२ व्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर होतात, आउटपुट फक्त २० चं आहे. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घालू का?

प्रतिसाद, मिरजेहून

बीसी५४७ घालून रिले ओढेल, तो प्रश्न नाही. पण त्याआधी एक विचार करा. तुम्ही स्वतःच लिहिलंय की बंद न होणं हीच खरी भीती. मग कुठलंही सर्किट घेण्याआधी कागदावर लिहून काढा: बॅटरी बसली तर काय होईल? उंदराने वायर तोडली तर? रिलेच्या एनसी पद्धतीत टाकी भरलेली असताना रिले ओढलेला राहिला, तरच मोटर बंद राहते. बॅटरी उतरली, आउटपुटची वायर तुटली किंवा कॉइल जळली की रिले सुटणार, एनसी जोडला जाणार आणि मोटर सुरू होणार. म्हणजे प्रत्येक बिघाडाचा शेवट टाकी वाहण्यात. तुमच्या कामाला हे सर्किट चुकीच्या बाजूला पडतं.

शिवाय टाकी भरलेली असेल तितका वेळ रिले ३० मिलिअँपिअर पीत राहणार. चोवीस तासांचे ०.७२ एएच. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की ७ एएचच्या बॅटरीला हे जड जातं, आणि बॅटरी बसली की वरचा प्रकार घडतो.

सिग्नल उलटा करण्यासाठी वेगळा भाग लागेलच असं नाही. ऑप्टोची एलईडी आउटपुट आणि मायनसमध्ये न लावता बॅटरीचा प्लस आणि आउटपुट यांच्यामध्ये लावा. प्लस, रेझिस्टर, ऑप्टोचा पाय १, पाय २ आणि तिथून कंट्रोलरचं आउटपुट. टाकी रिकामी असेल तेव्हा आउटपुट शून्यावर असतं, एलईडी पेटते, पलीकडचा ट्रान्झिस्टर ऑटो पॉइंट जोडतो. भरली की दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्ट, एलईडी विझते, मोटर बंद. आता बॅटरी बसू दे, वायर तुटू दे, एलईडी जळू दे. तिन्हींत एलईडी विझलेली, म्हणजे मोटर बंद.

हे चालण्यासाठी एक अट आहे. आउटपुट शून्य असताना त्याने खरोखर मायनसकडे ओढलं पाहिजे. काही कंट्रोलर फक्त प्लस पुढे देतात, एरवी पाय हवेत सोडून देतात. मीटर दोन्हीत शून्यच दाखवतो, म्हणून नुसत्या मोजण्याने कळत नाही. टाकी रिकामी दाखवत असताना २.२ किलोओहमचा रेझिस्टर प्लसपासून आउटपुटला जोडा आणि आउटपुट ते मायनस मोजा. शून्याजवळ राहिलं तर ओढतंय. बाराकडे चढलं तर ही पद्धत सोडा.

धागाकर्ता

आत्ताच करून पाहिलं. २.२ किलो लावूनही ०.२ च्या वर गेलं नाही, म्हणजे ओढतंय. बॅटरी बसली तर मोटर सुरू होईल, हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. मनापासून आभार. रेझिस्टर केवढा घेऊ आणि कुठल्या टोकाला बसवू, तेवढं सांगा.

प्रतिसाद, मिरजेहून

तोच २.२ किलोओहम, पाव वॅटचा. एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात, म्हणजे उरलेल्या अकराएक व्होल्टला ५ मिलिअँपिअर. तुमच्या आउटपुटच्या मर्यादेच्या पाव हिस्सा. पीसी८१७ चा सर्वांत कमी दर्जाचा माल घेतला तरी ५ ला निम्मा, म्हणजे अडीच मिलिअँपिअर पलीकडे वाहू शकतो. तुम्हाला हवा अर्धा. सोलरवर बॅटरी १४.४ पर्यंत चढली तरी एलईडीतून ६ च्या आतच जाईल.

ऑप्टो स्टार्टरजवळ बसवा, पण रेझिस्टर टाकीच्या टोकाला, प्लस वायर सुरू होते तिथेच. अडीचशे मीटरमध्ये कुठे दोन वायरी सोलून एकमेकींना लागल्या तर रेझिस्टर आधीच मध्ये असल्याने आउटपुट जळणार नाही, नुसती एलईडी विझेल. रेझिस्टर विहिरीवर असता तर बॅटरी सरळ आउटपुटवर शॉर्ट झाली असती. वायरीच्या लांबीची काळजी नको. १ स्क्वेअर एमएम तांब्याच्या जाण्यायेण्याच्या पाचशे मीटरला ९ ओहमच्या आसपास होतात, ५ मिलिअँपिअरला ते काहीच नाही.

एलईडीच्या दोन पायांवर ४.७ किलोओहम आडवा टाका, म्हणजे लांब वायरीत शेजारच्या लाइनमुळे येणाऱ्या बारीक करंटवर ती अर्धवट पेटणार नाही. तिथेच १एन४१४८ उलटा. पीसी८१७ ची एलईडी उलट्या दिशेने फक्त ६ व्होल्ट सोसते, टोकं उलटी जोडली गेली तर १२ ला जाते.

पलीकडे पाय ४ ऑटोच्या प्लसला, पाय ३ मायनसला. हे मात्र मीटरने बघूनच.

प्रतिसाद, विट्याहून

एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. स्टार्टरच्या पॉइंटवर ५ व्होल्ट दिसले म्हणून ते हात लावण्याजोगे आहेत असं धरू नका. काही स्टार्टरच्या बोर्डात ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवरून उतरवलेला सप्लाय असतो. अशा बोर्डात दोन पॉइंटमध्ये पाचच व्होल्ट, पण जमिनीच्या हिशेबाने दोन्ही पॉइंट लाइनवर. मीटर एसीच्या ७५० रेंजवर ठेवून प्रत्येक पॉइंट ते अर्थिंग मोजा. लाइनमनची ओळख असेल तर त्याला सोबत घ्या, ओल्या विहिरीवर एकट्याने करू नका.

पीसी८१७ चं इन्सुलेशन ५००० व्होल्टचं आहे, तुमच्या बोर्डवरची जागा नाही. झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डवर) बसवताना पाय १-२ आणि ३-४ यांच्यामधला सगळा तांब्याचा पट्टा कटरने खरवडून काढा, निदान ६ मिलिमीटर मोकळं ठेवा. दोन्ही बाजूंच्या वायरी डब्यात वेगवेगळ्या भोकांतून आणा. आणि ऑप्टोला सरळ डाग देऊ नका, आयसी सॉकेट बसवा. वळवाच्या पावसात वीज जवळपास कडाडली की एखादा जातोच, तेव्हा शेतात उभ्या उभ्या बदलता येतो.

अजून एक. टाकीतला जुना फ्लोट फेकू नका. धुऊन, वाहण्याच्या जरा खाली टांगा आणि रेझिस्टरनंतर त्याच प्लस वायरीत मध्ये घाला. मिरजेच्या सरांच्या सर्किटमध्ये एक वाट उरतेच: आउटपुटची वायर ओल्या जागी कंट्रोलरच्या मायनसला लागली किंवा आउटपुटच शून्यावर अडकलं, तर भरलेल्या टाकीलाही एलईडी पेटलेली राहील. फ्लोट ते तोडेल.

धागाकर्ता

दादा, बरं झालं सांगितलंत. एक पॉइंट ते अर्थिंग २३० च्या जवळ दाखवतोय. म्हणजे आजवर टाकीतल्या फ्लोटपर्यंत तीच वायर जात होती आणि टाकी धुवायला घरचीच माणसं आत उतरतात. ती वायर आजच स्टार्टरवरून सोडवली.

टेबलावर सर्किट जोडलं. आउटपुट शून्य : ऑप्टोच्या पलीकडे ०.१ व्होल्ट. आउटपुट १२.४ : पूर्ण ५ व्होल्ट. प्लसची वायर काढली, ५. आउटपुटची काढली, ५. बॅटरी काढली, ५. फ्लोट हाताने उचलला तरी ५. मोटर बंद ठेवणारे सगळेच.

प्रतिसाद, कोरेगावहून

मंडळी, याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे दुधाच्या बल्क कूलरच्या टेंपरेचर कंट्रोलरचं असंच काम आहे. थंड झाल्यावर १२ व्होल्ट येतात. रेझिस्टर लावून पाहिलं तर आउटपुट बाराकडे चढतं. म्हणजे माझं ओढत नाही. आता?

प्रतिसाद, मिरजेहून

मग बीसी५४७ एलईडीला समांतर लावा. प्लसपासून २.२ किलोमधून एलईडी, एलईडीचं दुसरं टोक मायनसला. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पाय १ ला, एमिटर मायनसला, आउटपुटपासून बेसला १० किलोओहम. बेस ते एमिटर आणखी एक १० किलो, म्हणजे आउटपुट हवेत असताना ट्रान्झिस्टर पक्का बंद राहील. १२ आले की ट्रान्झिस्टर एलईडीला बगल देतो आणि ती विझते.

फक्त यात सिग्नलची वायर तुटली तर एलईडी पेटते. तासगावच्या टाकीला मी हे सुचवलं नसतं. तुमच्याकडे पेटणं म्हणजे कॉम्प्रेसर चालू, आणि दूध नासण्यापेक्षा जास्त थंड झालेलं परवडतं, म्हणून तुम्हाला चालू शकेल. पण कूलरमध्ये दूध गोठू नये म्हणून वेगळा थर्मोस्टॅट आहे का, ते आधी बघा. नसेल तर तो बसवल्याशिवाय हे जोडू नका.