मदत हवी आहे: मज्जा प्रत्यारोपणासाठी दात्याच्या मूळपेशी ताज्या आणाव्यात की आधी गोठवून ठेवाव्यात?

रुग्णाला रक्ताचं नातं नसलेला स्वयंसेवी दाता मिळाला आहे. एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणी 10 पैकी 10, दुसऱ्या नमुन्यावरची खातरजमा झाली आहे. आता अडतंय ते तारखांवर.

दात्याला जी-सीएसएफची (मूळपेशी मज्जेतून रक्तात आणणारं औषध) इंजेक्शनं साधारण 5 दिवस, दर किलोला 10 मायक्रोग्रॅम. पाचव्या दिवशी ॲफेरेसिस (यंत्राने रक्तातून पेशी वेगळ्या काढणं), 4 ते 6 तास. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला निदान 20 लाख, शक्यतो 40 ते 50 लाख सीडी34 पेशी (म्हणजे मूळपेशी) हव्यात. ताज्या पेशी 2 ते 8 अंशांवर ठेवून 72 तासांच्या आत चढवायच्या. पण तोवर रुग्णाची केमो पूर्ण झालेली असते. दाता ऐनवेळी आजारी पडला, पेशी कमी निघाल्या किंवा विमान चुकलं, तर रुग्णाची स्वतःची मज्जा संपलेली आणि हातात काहीच नाही! आधी गोठवल्या तर ही टांगती तलवार टळते, मात्र वितळवताना काही पेशी मरतात आणि डीएमएसओमुळे (गोठवताना पेशी जपणारं रसायन) मळमळ, रक्तदाबातले चढउतार होतात.

तर विचारायचं असं:

गोठवायच्या असल्यास दात्याकडून जादा किती पेशी मागता? वितळवल्यावरची तपासणी छोट्या वेगळ्या नळीवर करता का?

ताज्या आणायच्या असल्यास राखीव दाता कुठल्या टप्प्यापर्यंत तयार ठेवता?

रुग्णाचा किडका दात काढल्यावर जखम भरायला केमोआधी 10 ते 14 दिवस धरले आहेत. पुरतात का? (दातांची तपासणी नेहमी शेवटी आठवते, म्हणून मुद्दाम विचारतोय.)